भिंतीवरचे बटण, भिंतीआडचा खर्च



इतिहास शिकविणाऱ्या माणसाने दिव्याच्या बटणावर बोलावयास बसावे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. इतिहास म्हटला की किल्ले, लढाया, तह आणि सनदा असे आपण धरून चालतो. करमाळ्याच्या माणसाला तर ते धरून चालायला कारणही आहे. गावात किल्ल्याचा तट आहे, गावाबाहेर श्री कमलाभवानीचे देऊळ आहे, शहाण्णव पायऱ्यांची विहीर आहे. असे सगळे दाराशी असताना बटणाकडे कोण पाहणार? मीही पाहत नव्हतो. पण गेल्या नवरात्राच्या आधी आमच्या घरात एक लहानशी गोष्ट घडली आणि मला पाहावे लागले.

घटस्थापनेची झाडलोट चालली होती. स्वयंपाकघरातले एक बटण बिघडले. दाबले की दिवा लागे, पण आतून चरचर आवाज येई आणि बोटाला ऊब जाणवे. मी वायरमनला बोलावले. मुलगा गावातलाच, आय.टी.आय. झालेला. त्याने हिशेब सांगितला : बटण तीस रुपयांचे, बसवायची मजुरी दीडशे. आमच्या आईला तो हिशेब काही पटेना. ती म्हणाली, "अरे बाळा, तीस रुपयांच्या वस्तूला दीडशे रुपये मजुरी? हा कुठला न्याय?"

तो म्हणाला, "मावशी, बटण तीसचंच आहे. पण बोर्ड उघडल्याशिवाय आत काय आहे ते मला तरी कसं कळणार?"

त्याने बोर्ड उघडला. थोडा वेळ नुसता पाहत राहिला. मग मला हाक मारली, "सर, जरा इकडे या." त्याने दोन गोष्टी दाखविल्या. पहिली अशी की, बटण ज्या तारेवर बसवायला हवे, तिच्यावर ते नव्हतेच, दुसऱ्या तारेवर होते. दुसरी अशी की, तीन पिनांच्या सॉकेटला समोरून तीन भोके होती, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. तो म्हणाला, "सर, नुसतं बटण बदलायचं तर पाच मिनिटांचं काम आहे. पण तसं मी करणार नाही. सगळ्या घराच्या तारा तपासाव्या लागतील, अर्थिंग करावं लागेल. साडेसहा हजारांपर्यंत जाईल."

तीस रुपयांचे दीडशे आणि दीडशेचे साडेसहा हजार! आई गप्प झाली. मी मात्र निराळ्याच कारणाने गप्प झालो होतो. ते कारण शेवटी सांगतो. आधी आपण एवढेच पाहू, की घरात उजेड करण्याचा खर्च पूर्वी कसा होता, मग तो कसा बदलला, आणि त्या बदलात त्याचा कोणता भाग आपल्या नजरेआड गेला.

पूर्वीच्या घरात दिव्याची जागा म्हणजे भिंतीतला कोनाडा. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमाकाठची आपल्या तालुक्यातली कित्येक गावे आपली जुनी जागा सोडून वर आली. उन्हाळ्यात धरणाचे पाणी खाली गेले की कुगावसारख्या गावाच्या जुन्या बांधकामाच्या भिंती उघड्या पडतात आणि लोक मुद्दाम पाहायला जातात. अशा जुन्या दगडी भिंतींत कोनाडा असायचाच. भिंत रचतानाच गवंडी तो ठेवी, त्याचे वेगळे पैसे पडत नसत. दिव्याचा खर्च भिंतीत नव्हता, तेलात होता.

आणि तेलाचा खर्च रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर असे. आपला भाग ज्वारी-करडईचा. गावचा तेली घाणा हाकी आणि त्याच्या कामाचा मोबदला पुष्कळदा धान्याच्या रूपाने जाई. समईत किती तेल घालायचे, वात किती पुढे सारायची, दिवा केव्हा मालवायचा, हे घरातली बाई ठरवी. फुंकर मारून दिवा विझवू नये असे वडीलधारी सांगत, 'दिवा विझव' असे म्हणणेसुद्धा अशुभ मानीत. त्यामागे श्रद्धा होती, तशी काटकसरही होती. दिव्यावर कोणाचे तरी सतत लक्ष असे.

मोठा उजेड हवा असेल तर तो देवळात. अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी बांधलेल्या कमलाभवानीच्या देवळापुढच्या उंच दीपमाळा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. दीपमाळ पाजळायची म्हणजे तेल, वाती आणि माणसे यांचा खर्च एका घराला झेपणारा नव्हे. म्हणून देवळांच्या दिवाबत्तीसाठी, नंदादीपासाठी, जमिनी इनाम दिल्या जात. जुन्या कागदपत्रांतून असे उल्लेख महाराष्ट्रभर आढळतात. थोडक्यात, उजेडाचा खर्च कोणी करायचा आणि कशातून करायचा, हे लिहून ठेवलेले असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले. 'रॉक ऑइल' या इंग्रजी नावाचा हा आपल्या लोकांनी केलेला सुटसुटीत अवतार. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी आगगाडीची वाट आपल्या तालुक्यातून, जेऊरवरून जाते. परदेशी तेलाचे पत्र्याचे डबे अशाच वाटांनी देशभर पसरले. चिमणी आली, मग काचेचा कंदील आला. परदेशी कंदिलांना देशी जोड उभी राहिली ती आपल्याच महाराष्ट्रात. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंनी काचकारखाना काढला आणि पुढे तिथला 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी त्याच्या किंवा त्याच्यासारख्या कंदिलाच्या काचा राखेने पुसलेल्या असतील. तरीसुद्धा खर्चाची रीत जुनीच राहिली. कंदील एकदा घ्यायचा आणि रॉकेल मात्र रोज मापून घालायचे.

विजेने ही रीत उलटी केली.

आपल्या प्रांतात विजेचा दिवा प्रथम मुंबईने पाहिला. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत, विजेचे दिवे लावले गेले. तो प्रयोग फार दिवस टिकला नाही. मग १९०५ साली मुंबईत वीज आणि ट्राम यांची कंपनी निघाली, १९०७ साली विजेची ट्राम धावू लागली आणि १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून सह्याद्रीच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. हे झाले शहराचे.

याच सुमारास इंग्लंडात दिव्याच्या बटणाचाही शोध पक्का होत होता. आपल्याला वाटते, बटणात काय आहे? तार जोडायची आणि तोडायची. पण त्यात एक मेख आहे. वाहती वीज तोडताना दोन धातूंच्या मधल्या हवेतून ठिणगी उडते. दोन्ही टोके सावकाश दूर केली तर ठिणगी रेंगाळते आणि धातू जाळते. पहिली बटणे अशी जळत असत. न्यूकॅसल गावच्या जॉन हेन्री होम्स या गृहस्थाने १८८४ साली यावर उपाय काढला. त्याने बटणात अशी योजना केली की, बोट कितीही हळू दाबो, आतली टोके एका झटक्यात वेगळी व्हावीत. बटण दाबताना आपण 'टक्' असा आवाज ऐकतो ना, तो त्या झटक्याचा आवाज. तो 'टक्' नाहीसा होऊन चरचर सुरू झाली, की समजावे आत धातू जळू लागला आहे. आमच्या स्वयंपाकघरात तेच झाले होते.

सुरुवातीची बटणे चिनी मातीच्या बैठकीवर पितळी झाकण अशी असत. ती महाग, आणि पितळेतून धक्का बसण्याचे भय. १९०७ साली लिओ बेकलँड याने बेकेलाइट नावाचा पदार्थ तयार केला. तो साच्यात घालून घडविता येतो, तापला तरी वितळत नाही आणि विजेला वाट देत नाही. बटण गरिबाच्या भिंतीवर येऊ शकले ते अशा पदार्थांमुळे. लाकडी ठोकळ्यावर बसविलेले ते काळे, गोल, खाली-वर करायचे बटण आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिले आहे. पुढे पियानोच्या पट्टीसारखे दबणारे पांढरे बटण आले. १९६३ साली मुंबईत अँकर कंपनी सुरू झाली, आणि मराठी मुलखातल्या कित्येक घरांत त्या नावाचीच बटणे दिसू लागली. २००७ साली ती कंपनी जपानी मालकांकडे गेली. बटणांवरचा वस्तू व सेवा कर २०१७ च्या जुलैत २८ टक्के होता, तो त्याच वर्षी नोव्हेंबरात १८ टक्क्यांवर आला. म्हणजे आज तीस रुपयांची वाटणारी ही वस्तू एवढी मजल मारून आपल्या भिंतीवर पोचलेली आहे.

आता आपल्या खेड्यापाड्यांकडे वळू. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली वीजपुरवठ्याचा कायदा झाला. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, २० जून १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. १९६२ साली कोयनेची पहिली जनित्रे फिरू लागली. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरणासाठी केंद्राने वेगळे महामंडळ काढले. रानोमाळ खांब उभे राहिले, विहिरींवर मोटेच्या जागी पंप बसले. हे काम फार मोठे होते, त्याला कमी लेखून चालणार नाही.

परंतु या कामाचा हिशेब कसा ठेवला गेला, हे पाहण्यासारखे आहे. गावाला वीज पोचली, असे केव्हा म्हणायचे? १९९७ पर्यंतची व्याख्या अशी होती की, गावाच्या महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, की ते गाव विद्युतीकृत. म्हणजे शिवारातल्या एका विहिरीवर एक पंप चालला आणि गावठाणात एकही दिवा नसला, तरी कागदोपत्री गाव उजळले! १९९७ साली ठरले की, वस्तीच्या भागात वीज हवी. २००४ साली आणखी पुढे जाऊन ठरले की, किमान १० टक्के घरांत वीज हवी आणि शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणीही हवी. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा मुद्दा जरूर वर्गात सांगावा. आकडा वाचण्याआधी व्याख्या वाचावी, ही सवय लागायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

सरकारने खांब मोजले, गावे मोजली, पुढे मीटर मोजले. बटणापर्यंत मोजणी आली नाही. कारण नियमच तसा आहे. मीटरपर्यंतची वीज पुरवठा करणाऱ्याची आणि मीटरपुढची वायरिंग घरमालकाची. मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली, तरी ही सीमारेषा तशीच आहे. १९८८-८९ पासूनच्या 'कुटीर ज्योती' योजनेत गरीब घराला एक दिवा मिळाला, २०१७ च्या 'सौभाग्य' योजनेत जोडणीबरोबर एका दिव्याची वायरिंग आणि एक एलईडी दिवा मिळाला. त्यापुढचे ज्याचे त्याने पाहायचे.

मग ज्याचे त्याने कसे पाहिले? इथे वायरमनच्या भाषेतला एक शब्द समजून घ्यावा लागतो. तो शब्द म्हणजे 'पॉइंट'. एक दिवा, त्याचे बटण, मधली तार, पट्टी, होल्डर आणि मजुरी मिळून एक पॉइंट. घराचा सगळा खर्च पॉइंटावर मोजायचा. पाच पॉइंट, सात पॉइंट, दहा पॉइंट. ही मोजणी मोठी सोयीची, कारण तिच्यात दिसणारी वस्तू मोजलेली असते. पैसे कमी असले की लोक पॉइंट कमी करीत. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीला वर भोक पाडून त्यात एकच दिवा ठेवीत, इकडेही उजेड आणि तिकडेही. त्यात काही गैर नव्हते. उजेड कमी पडला तर तो दिसतो, आणि पैसे आले की पॉइंट वाढविता येतो.

पण अर्थिंग हा पॉइंट नव्हे. त्यातून उजेड पडत नाही, पंखा फिरत नाही. ती एक तार जमिनीत पुरलेल्या पत्र्याला किंवा नळीला जोडलेली असते, भोवती कोळसा आणि मीठ घातलेले असते. इस्त्री, फ्रिज, पाण्याची मोटर यांच्या धातूच्या अंगात चुकून वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता या तारेने जमिनीत जावी, एवढेच तिचे काम. वर्षानुवर्षे काहीही न करता बसून राहणे आणि एखाद्या दिवशी जीव वाचविणे! अशा वस्तूवर पैसे घालायला माणसाचे मन होत नाही. आपल्याकडची मुरमाड जमीन उन्हाळ्यात इतकी कोरडी पडते की, अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घातले नाही तर असलेले अर्थिंगही नीट काम देत नाही. मग नसलेल्याची गोष्ट काय सांगावी!

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे बटण कोणत्या तारेवर आहे, ही. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक जिवंत, तिला वायरमन 'फेज' म्हणतात. दुसरी परतीची, म्हणजे 'न्यूट्रल'. बटण फेजवर असेल तर ते बंद केल्यावर दिव्यापर्यंत वीज पोचतच नाही. बटण न्यूट्रलवर असेल तरीही ते बंद केल्यावर दिवा जातो. दिसायला दोन्ही सारखेच. पण दुसऱ्या घरात दिवा गेलेला असतो आणि होल्डरात वीज तशीच उभी असते. बल्ब बदलायला जो हात घालील त्याला ती सापडते. बटण फेजवरच हवे, असे १९५६ सालच्या भारतीय वीज नियमांतही होते.

त्याच नियमांत आणखी एक गंमतीची तरतूद होती. घरातले वायरिंगचे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे, असा नियम होता, मात्र दिवे, पंखे, फ्यूज आणि स्विच यांची साधी बदली त्यातून वगळली होती. सवलत शहाणपणाचीच होती. एका बटणासाठी सोलापूरहून ठेकेदार कोण आणणार? पण ही सवलत एक गोष्ट गृहीत धरून होती, ती ही की बटणामागच्या तारा ज्याने ओढल्या त्याने त्या बरोबर ओढल्या आहेत. आणि आपल्या गावांतून नेमके तेच गृहीत धरता येत नव्हते. खांब भराभर वाढले, घरे भराभर जोडली गेली, त्या मानाने शिकलेले वायरमन वाढले नाहीत. कोणी पंप बसविताना पाहून शिकला, कोणी भावाचे पाहून. दिवा लागला की काम झाले, अशी समजूत.

वाड्यावस्त्यांवर तर याहूनही अवघड. आपल्या तालुक्यात पुष्कळ कुटुंबे शेतातच राहतात. गावठाणात दिवे आले तरी वस्तीवर खांब नसे. मग पंपाच्या पेटीतून एक तार ओढून बल्ब लावायचा. त्याला बटणही नाही. तारेचे टोक काढले की दिवा गेला, अडकवले की आला. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमन दहा-दहा, बारा-बारा तासांचे असे. लाईट आल्याचे कळावे म्हणून तेव्हा लोक बटण चालूच ठेवून झोपत. बटण हे वीज बंद करण्याचे साधन आहे, हा विचारच त्या दिवसांत मनातून गेला होता.

याचा परिणाम काय झाला? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यूंची मोजदाद प्रसिद्ध करतो. अलीकडच्या वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांचा आकडा दरसाल दहा हजारांच्या वर राहिलेला आहे. त्यात शेतातले, कारखान्यातले, खांबावरचे असे सगळे आले, घरातलेही आले. प्रत्येक मृत्यूमागे चुकीचे बटण असते असे मी म्हणत नाही. पण पाण्याची मोटर चालू करताना, ओल्या हाताने कपडे तारेवर टाकताना, बल्ब बदलताना माणूस गेल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो, आणि 'नशीब' म्हणून पान उलटतो.

आता पैशाचा हिशेब करून पाहू. गुरुजींनी हाच हिशेब फळ्यावर घालायला हरकत नाही. एक हजार वॅट एक तास चालले की एक युनिट होते. साठ वॅटचा जुना बल्ब रात्री दहा तास विसरला तर ६०० वॅट-तास, म्हणजे सहादशांश युनिट गेले. नऊ वॅटचा एलईडी दिवा तितकाच वेळ विसरला तर युनिटाच्या दशांशाहूनही कमी. हे एलईडी दिवे सरकारने मोठ्या प्रमाणावर घ्यायला सुरुवात केली तेव्हा, २०१४ साली, खरेदीची किंमत दर दिव्यामागे ३१० रुपये होती, २०१६ पर्यंत ती ३८ रुपयांवर उतरली. म्हणजे दिवा स्वस्त झाला, त्याचे जळण स्वस्त झाले, बटणही बेताच्या किमतीत आले. जे दिसते ते सगळे स्वस्त झाले. महाग राहिली ती न दिसणारी गोष्ट : चांगल्या तांब्याची तार, जमिनीतली अर्थिंग आणि जाणत्या माणसाचे हात. म्हणूनच तीस रुपयांच्या बटणाला दीडशे मजुरी ऐकून आपला जीव वर-खाली होतो. आपण बटणाच्या किमतीशी मजुरीची तुलना करतो. खरी तुलना त्या माणसाने बोर्ड उघडून जे ओळखले, त्याच्याशी करायला हवी.

आता मघाशी राखून ठेवलेले कारण सांगतो.

मी आठवीत होतो. वडील प्राथमिक शिक्षक. एके संध्याकाळी स्वयंपाकघरातला बल्ब गेला. वडिलांनी बटण बंद केले, स्टुलावर चढले, जुना बल्ब काढला आणि नवा लावताना त्यांचे बोट होल्डरच्या आत लागले. ते स्टुलावरून फेकले गेले. मनगट मोडले, दोन महिने हात गळ्यात होता. जीव वाचला म्हणून आईने देवीला साडीचोळी केली. जो भेटायला येई त्याला वडील सांगत, "बटण मी बंद केलं होतं." समोरचा हसून म्हणे, "गुरुजी, बंद असतं तर शॉक कसा बसला असता? विसरला असाल." आम्हा मुलांनाही तसेच वाटे. पुढे त्यांनी सांगणे सोडून दिले. आज ते नाहीत.

त्या दिवशी वायरमनने बोर्ड उघडून न्यूट्रलवरचे बटण दाखविले तेव्हा मला कळले की वडिलांनी बटण खरोखरच बंद केले होते.

वडिलांची जमाखर्चाची वही माझ्याकडे आहे. मी ती त्या रात्री काढून पाहिली. १९८६ सालच्या पानावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात नोंद सापडली : "लाईट फिटिंग. ७ पॉइंट, दर ४०, एकूण २८०." आणि खाली : "अर्थिंग – पुढे पाहू." त्याच पानावर थोरल्या बहिणीच्या शाळेची फी आहे, आजीच्या औषधाचे पैसे आहेत. त्यांनी चैनीसाठी अर्थिंग टाळले नव्हते. एका मास्तरच्या पगारात जे दिसत होते ते आधी केले आणि जे दिसत नव्हते ते पुढे ढकलले. माझी खात्री आहे, तालुक्यातल्या कित्येक घरांच्या हिशेबात, लिहिलेली वा न लिहिलेली, ही ओळ असेल.

मी आईला सगळे समजावून सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ते खरंच सांगत होते." आणि वायरमनला दुसऱ्या दिवशी सकाळीच यायला सांगितले.

तेव्हा श्रोतेहो, माझी आपल्याला विनंती एवढीच. पुढच्या वेळी घरातले एखादे बटण बिघडले, तर नुसते बटण बदलून घेऊ नका. येणाऱ्या वायरमनला तीन प्रश्न विचारा. बटण फेजवर आहे का? तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थची तार आहे का, आणि ती खरोखर जमिनीपर्यंत पोचते का? बटणावर आय.एस.आय.चे चिन्ह आहे का? २००३ सालच्या केंद्राच्या आदेशाने घरगुती स्विचला ते चिन्ह सक्तीचे केले आहे. धक्का बसताच वीज तोडणारे एक लहान यंत्र मीटरजवळ बसविता येते, त्याचीही चौकशी करा. सगळे एकदम करण्याइतके पैसे नसतील तर आधी अर्थिंग करा, रंगीत बटणे मागून. आणि बल्ब बदलायचा असेल तर बटणावर विसंबू नका, मीटरजवळचा मुख्य खटका पाडा. शिक्षकांनी मुलांकडून घरातल्या पॉइंटांची यादी करून घ्यावी. बोर्डाला मात्र मुलांनी हात लावायचा नाही, हे आधी बजावावे. शाळेच्या इमारतीतले अर्थिंग केव्हा तपासले, तेही मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे.

आमच्या घरचे काम नवरात्रापूर्वी पूर्ण झाले. खर्च सहा हजार आठशे आला. मी वडिलांची वही काढली, १९८६ सालच्या त्या नोंदीखाली तारीख घातली आणि लिहिले : "अर्थिंग – झाले."